निळं रजिस्टर

विखुरलेले कायदे वेचून त्यांची एकसंध संहिता बांधायची, ही वासुदेवरावांची दुबईतली नोकरी. आणि ज्या मराठी मंडळाचे ते नऊ वर्षं सचिव, त्याचे नियम मात्र जुन्या रजिस्टरांत नि व्हॉट्सअ‍ॅपवर वाटेल तसे पसरलेले. अखेर त्यांनी कंबर कसली. नियम विषयवार लावले, एकमेकांना छेद देणारे रद्द केले. अडलं एका निळ्या रजिस्टरापाशी. ते मागितलं की खजिनदार अनुपमाताईंचं ठरलेलं उत्तर, "इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात."

शेवटी ते वासुदेवरावांना स्वतःलाच सापडलं, गणपतीच्या मखराच्या खोक्यात, अगदी तळाशी.

दुबईच्या ऊद मेथा भागात भरलेल्या मंडळाच्या सभेत त्यांनी संहिता वाचायला घेतली. निळ्या रजिस्टरातून घेतलेल्या सातव्या कलमाशी आवाज खाली आला. "कोणीही सलग तीन वर्षांहून जास्त काळ सचिव राहू नये." त्यांनी खिशातून राजीनामा काढला. "माफ करा. सहा वर्षं मी नियम मोडून बसलोय, आणि कुणाला पत्ताच नव्हता."

"सगळ्यांना होता हो," अनुपमाताई वैतागल्या. "नाहीतर दर गणपतीनंतर ते रजिस्टर मी मखराखाली कशाला दडपलं असतं?"