एकेचाळीस नंबरची तक्रार

एकेचाळीस नंबरच्या पत्राला उत्तर गेलं नव्हतं, त्याला आता सहा वर्षं होत आली होती. पत्र लहानसंच. 'दवाखान्याची बोट ओहोटीच्या वेळी येते. म्हाताऱ्या माणसांनी गुडघाभर चिखल तुडवत बोट गाठायची का? वेळ ठरवताना कोणाला विचारलं होतं? उत्तर द्यावे.' खाली नाव नव्हतं, नुसता पत्ता होता. जुन्या दीपगृहामागची गल्ली, घर नंबर चौदा.

तक्रारींचं टेबल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला ते तोंडपाठ होतं.

"काका, आज तरी?" विभागप्रमुख बाईंनी दारातूनच विचारलं. वयाने त्या त्याच्या मुलीएवढ्या.

"खर्डा तयार आहे बाई. फक्त दुसरं वाक्य जरा उद्धट वाटतंय."

"मागच्या महिन्यात पहिलं वाटत होतं."

"ते आता बरं झालंय."

शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक फिसकन हसला. विकास बँकेत सगळे म्हाताऱ्याला खर्डेमास्तर म्हणत. "बाई, ह्यांनी लग्नाला होकार द्यायलासुद्धा वर्ष लावलं असेल!"

"दोन," खर्डेमास्तर खाली मान घालून म्हणाला. "शेवटी तिनेच विचारलं."

बाई हसल्या नाहीत. खुर्ची ओढून समोर बसल्या.

"हे बघा. मदत देणाऱ्या देशाची माणसं सोमवारी येताहेत. बँकेशी नवा करार, पुढची दहा वर्षं. पण जुना, बोटीचा करार बंद झाल्याशिवाय ते नव्यावर सही करणार नाहीत. आणि जुना का बंद होत नाही?"

त्याने पेनाचं टोपण काढलं.

अट त्या देशानेच घातली होती. एक जरी तक्रार उत्तराविना पडून असली, तरी काम पुरं झालं असं धरायचं नाही. उत्तर तक्रारींच्या टेबलावरूनच जायचं, त्याच माणसाच्या सहीने आणि पोस्टाने. आणि काम पुरं होईतो बोटीचं डिझेल, औषधं, डॉक्टर, सगळं त्या देशाने बघायचं. तीन वर्षांसाठी आलेली बोट त्यामुळे नवव्या वर्षीही खाडीत फिरत होती. आधीच्या चाळीस तक्रारींना त्याच्या हातून कशीबशी उत्तरं गेली होती. ह्या एकीपाशी गाडं अडलं, ते तीन विभागप्रमुख बदलले तरी हललं नाही.

"तिकडे त्यांच्या देशात तुमच्यावर विनोद करतात, काका," बाईंचा आवाज खाली आला. "सोमवारी तुम्ही निवृत्त होताय. टेबलावर काम बाकी ठेवून गेलात तर पेन्शनचे कागद मला पुढे पाठवता येणार नाहीत. मनात असलं तरी."

"बरोबर आहे तुमचं."

"शुक्रवार संध्याकाळ."

"शुक्रवार," तो म्हणाला आणि दुसरं वाक्य खोडायला लागला.

दुपारी बोटीवरची नर्स औषधांच्या खोक्यांवर सही घ्यायला आली.

"काका, ऐकलं ते खरं? उत्तर देताय?"

"शुक्रवारी."

"अहो, बोट ताब्यात घ्यायचा हुकूम आरोग्य खात्याने अजून काढलेला नाही. तुमचं पत्र आधी गेलं की बोट धक्क्याला बांधून ठेवतील. पलीकडच्या काठावर दोघींचे दिवस भरलेत."

"मग मी काय करू?"

"मी काय सांगणार? पेन्शन तुमची आहे." तिने खोकी उचलली. "पण ही तक्रार केली तरी कोणी? ओहोटीला आपली बोट कधी गेलेलीच नाही. तळ टेकतो तिचा. माणूस एकदा बोटीत बसला असता तर असं लिहिताच ना."

"चुकलं असेल बिचाऱ्याचं," खर्डेमास्तर पुटपुटला.

शुक्रवारी त्याने आरोग्य खात्यात तीनदा फोन केला. हुकूम साहेबांच्या टेबलावर होता, साहेब टेबलावर नव्हते. चार वाजता बाई येऊन उभ्या राहिल्या.

"काका?"

"एक शब्द अडलाय."

"कोणता?"

"'दिलगीर' बरा, की 'क्षमस्व'?"

बाईंनी डोळे मिटून घेतले. "पोस्ट साडेपाचला बंद होतं. मी आता पुन्हा येणार नाही."

पाच वाजायला दहा मिनिटं असताना फोन वाजला. पलीकडे नर्स होती, धापा टाकत. "निघाला! कागद माझ्या हातात आहे. मंगळवारपासून बोट खात्याची. डिझेलसकट!"

"तारीख आहे ना त्यावर? आणि सही?"

"तारीख, सही, शिक्का, सगळं आहे."

त्याने फोन ठेवला, 'दिलगीर' लिहिलं, खाली सही केली आणि कागद बाईंच्या खोलीत नेला. बाईंनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"चार ओळी? याला सहा वर्षं?"

"लिहिणं मला जमतच नाही हो बाई," तो ओशाळून म्हणाला.

पोस्टात पोहोचला तेव्हा खिडकी अर्धी खाली आली होती. आतल्या माणसाने पत्र तोललं आणि पत्ता वाचला.

"आजोबा, हे तर इथून दोन वळणांवर. हातानेच देऊन या की."

"पोस्टानेच जायला हवं. पोचपावतीसकट."

"तुमची मर्जी." त्याने शिक्का मारला, पावती फाडून दिली, पत्र थैलीत टाकलं. "पण त्या गल्लीत पोस्टमन दुपारी जातो. दार उघडायला कोणी नसलं की पत्र परत. तिथे दिवसा असतं का कोणी?"

"मंगळवारी पाठवा," खर्डेमास्तर पावतीची नीट घडी करत म्हणाला. "सोमवारी माझी नोकरी संपतेय. मग दिवसभर मी घरीच आहे."