शिट्टी

किकवीच्या समाजमंदिरात गायत्री पहिल्यांदाच भाषणाला उभी राहिली आणि बारीक शिट्टी वाजू लागली. साउंडवाल्या हनुमंताने आवाज कमी केला, माइक बदलला, वायरी तपासल्या. शिट्टी काही थांबेना. “हनुमंता, कुकर लावलाय का रं?” मागून कुणीतरी ओरडलं. आपल्याच सेटात खोट आहे असं समजून त्याने शेवटी सेटच बंद केला. शिट्टी चालूच राहिली. तिचा माग काढत तो पहिल्या रांगेत गायत्रीच्या आजीपाशी पोचला. शिट्टी त्यांच्या कानातल्या मशीनमधून येत होती. नातीचा शब्दही निसटू नये म्हणून त्यांनी मशीन पुरतं वाढवलं होतं. हनुमंताने खुणेने विचारून ते कमी केलं आणि एक स्पीकर त्यांच्या खुर्चीशेजारी आणला. सेट सुरू होताच रडवेली गायत्री जोरात बोलू लागली. “अगं, वरडू नगं,” आजी म्हणाल्या, “मला समदं ऐकू येतंय.”