वीस मिनिटं पुढे

‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ ही पाटी चौथ्यांदा झळकली, तेव्हा ताई कॉम्प्युटरला तोंडावर "गाढवा!" म्हणाल्या आणि त्यांनी सुनेला फोन लावला.

"आई, मी आत्ता एकाच्या दाढेत आहे," सून दवाखान्यातून म्हणाली. "बंद करून चालू करा. नाहीच झालं तर राउटरची वायर काढून परत लावा. साडेपाचला मी येतेच."

ताईंनी बंद करून चालू केलं. वायर काढली, रुमालाने पुसली, फुंकर मारली, लावली. राउटरचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. पाटी पाचव्यांदा आली.

भिंतीवर साडेचार वाजत आले होते. म्हणजे खरे चार वाजून दहा मिनिटं. ताईंच्या घरातलं प्रत्येक घड्याळ वीस मिनिटं पुढे असे. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, एक दिवस उशीर झाला नाही, तो या वीस मिनिटांच्या जोरावर.

कॉम्प्युटरवरच्या खेळातली होड्यांची शर्यत खऱ्या साडेचारला होती. एका होडीत दोघं वल्ही मारणार, दोघं दोन गावांतून. ताईंच्या होडीत पुढे बसायची ती पिवळी टोपीवाली. सुनेने आणि भाचीने संगनमत करून ही जोडी जमवली होती. पिवळी टोपी म्हणजे आपली सख्खी धाकटी बहीण, हे ताईंना पहिल्याच दिवशी कळलं होतं. होडी वळवताना इतकं हट्टाने डावीकडे ओढणारं दुसरं कोण असणार? धाकटीनेही ताईंना ओळखलं होतं. पण दोघी कशा अगदी अनोळखी! खेळात बोलायची सोय होती, ती दोघींनी बंद ठेवली होती. जी आधी धक्क्यावर पोचेल तिच्या नावाखाली खेळ लिहायचा, अमुक वाजल्यापासून वाट पाहत आहे. रोज ती ओळ ताईंच्याच नावाखाली असायची.

बोलणं बंद होऊन दोन वर्षं झाली होती, तीही घड्याळापायीच. धाकटी राहायला आली होती. संध्याकाळी भाचीचं पहिलं नाटक, त्यासाठी तिला दुपारची गाडी पकडायची होती. नेमकं त्याच आठवड्यात भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीहून आलं होतं, आणि कारागिराने ते बरोबर लावून दिलं होतं. ताई ते पुढे करायला विसरल्या. धाकटीने सवयीने मनातल्या मनात वीस मिनिटं वजा केली, निवांत दुसरा चहा घेतला, आणि स्टेशनवर पोचली तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसला. नाटकाला पोचली तेव्हा पडदा पडत होता. "तू मुद्दाम केलंस," असं ती बोलून गेली. मग ताईही बोलल्या. मग कोणीच बोललं नाही.

आणि आज पुन्हा ताईंमुळे तिची शर्यत चुकणार. पुन्हा मुद्दामच, असं तिला वाटणार.

पाटीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘तुमच्या जोडीदाराकडे खेळ सुरू आहे का, ते विचारा.’ ताईंनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली. मग उठून फोनपाशी गेल्या. नंबर बोटांना अजून पाठ होता.

"हॅलो?"

"मी बोलतेय. खेळ उघडत नाहीये. मुद्दाम नाही केलं हं मी."

धाकटीने विचारलं, "किती वाजलेत तुझ्याकडे?"

"चार पस्तीस."

"खरे, की तुझे?"

"माझे," ताई पडेल आवाजात म्हणाल्या.

पलीकडे कोणीतरी हसू दाबल्यासारखा आवाज आला. "कॉम्प्युटरवर पण तेवढेच का गं?"

"मग! माझ्या घरात दोन वेळा चालत नाहीत."

धाकटी म्हणाली, "माझ्याकडेही उघडत नाहीये. तिकडेच काहीतरी बिघडलं असेल. तू बस गं. ठेवू नकोस फोन."

ताई बसल्या. आधी गुडघ्यांची चौकशी झाली, मग जावयाच्या घोरण्याची. भाचीच्या नव्या नाटकावर आल्या तेव्हा ताई म्हणाल्या, "मी सांगायला हवं होतं गं तुला, घड्याळाचं." धाकटी म्हणाली, "आणि मी चहा पहिल्या कपावर थांबवायला हवा होता." मग दोघी इतक्या हसल्या, की ताईंना ठसका लागला. खरे साडेचार कधी वाजून गेले, कोणालाच कळलं नाही.

सून आली तरी फोन चालूच. तिने पर्स ठेवली, कॉम्प्युटरच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"आई, ह्याचं घड्याळ तुम्ही पुढे केलंत?"

"सकाळीच. तेवढं एकच बरोबर राहिलं होतं."

"अहो, वेळ चुकीची असली की खेळ आत घेत नाही!" तिने वेळ बरोबर केली. पाटी गेली. निळं पाणी चमकलं, धक्का दिसला, धक्क्याला बांधलेली होडी दिसली.

होडीत पुढच्या जागेवर, वल्हं मांडीवर घेऊन, पिवळी टोपी बसली होती. तिच्या नावाखाली लिहिलं होतं : ‘चार वाजल्यापासून वाट पाहत आहे.’