काकांचे मेसेज

गल्लीचं मागचं गेट बंद करायचं की नाही, यावरून गल्लीच्या ग्रुपवर दोन महिने भांडण चाललं होतं. दातांच्या डॉक्टरबाईंना ते उघडं हवं होतं, कारण त्यांचे म्हातारे पेशंट तिथूनच येत. समोरच्या घरातल्या काकांना ते बंद हवं होतं. ग्रुपवर काका बाईंचा रोज पाणउतारा करत आणि रस्त्यात भेटले की हसून विचारपूस करत. बाई आता उत्तरंच देत नसत. जीव विटला होता.

आज दुपारी काका दाढ काढायला आले. खुर्चीत बसत म्हणाले, "तुमच्या हाताला गुण आहे हो."

"मग ग्रुपवर असं का लिहिता, काका?"

"मी कुठे लिहितो? फोन बंद पडून तीन महिने झाले. आज जाताना दुरुस्तीला टाकतोय." त्यांनी तो शेजारच्या टेबलावर ठेवला.

वाद घालायचं त्राण बाईंमध्ये नव्हतं. त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं. काका डोळे मिटून, पोटावर हात ठेवून पडून राहिले.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. ग्रुपवर काकांच्या नावानं मेसेज होता: "या बाईला गल्लीतून घालवा."

बाईंनी टेबलावरचा फोन उचलला. तो गार होता. बटण दाबून धरलं, तरी काच काळीच राहिली.

पुन्हा काकांच्याच नावानं मेसेज आला. या वेळी तो फक्त बाईंना होता, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच सभ्य भाषेत.

"बाई, कृपया तो फोन खाली ठेवा. काकांना यातलं काही माहीत नाही."