नागरत्नाबाईंचं मौन

सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात, असं नव्या डॉक्टरांनी शरण्याला विचारलं. ती म्हणाली, थोडा वेळ. तिच्या मागच्या खुर्चीत बसलेल्या तिच्या आईने, नागरत्नाबाईंनी, दोन्ही मुठी आवळल्या, कष्टाने उघडल्या आणि मनगटावरच्या घड्याळावर बोटाने अर्धी फेरी मारली. डॉक्टर निशांतांनी लिहिलं, अर्धा तास.

बाईंचं तरी काय चुकलं? शरण्याला लहानपणीच संधिवात जडला, तेव्हापासून मुलांच्या दवाखान्यात तिच्या वतीने त्याच बोलत आल्या. ‘आमचा गुडघा सुजलाय,’ ‘आम्हाला रात्री ताप होता,’ असं. पोरगी अठराची झाली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्यांच्या दवाखान्यात पाठवताना बजावलं, यापुढे दुखणं जिचं तिनेच सांगायचं, आईने तोंड उघडायचं नाही. नागरत्नाबाईंचा स्वतःच्या जिभेवर काडीचा भरवसा नव्हता. त्यांनी सकाळीच देवापुढे पळीभर पाणी सोडून घरी परतेपर्यंत मौनाचा संकल्प केला. डॉक्टरांना दिलेला शब्द एक वेळ मोडता येतो, देवाला दिलेला कसा मोडणार? त्यात नवे डॉक्टर निघाले नाशिकचे. म्हैसुरात मराठी बोलणारा डॉक्टर समोर आणि आपण मुक्या, या विचाराने त्यांचा जीव नुसता तळमळत होता.

पण मौनात खुणा चालतात. सोवळ्यात अवाक्षर न बोलणाऱ्या सासूबाईंच्या हाताखाली त्या अख्खा स्वयंपाक खुणांवरच शिकल्या होत्या.

इंजेक्शन दर आठवड्याला घेतेस ना, डॉक्टरांनी विचारलं. शरण्या हो म्हणाली. मागे दोन बोटं वर गेली, आडवी हलली, आणि पाठोपाठ ओकारीचा अभिनय झाला; दोन आठवडे चुकले, घेतलं की मळमळतं. तो इतका हुबेहूब होता की डॉक्टरांनी पायाने कचऱ्याची बादली पुढे सरकवली. शरण्याने वळून पाहिलं, तर आई पंख्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. औषध वाढवायचं की आहे तेच चालू ठेवायचं, हे आज ठरवायचं होतं. उगाच बरं आहे म्हणालीस तर सांधा आतून झिजत राहील, असं त्यांनी शरण्याला स्पष्ट सांगितलं आणि आणखी कुठे दुखतं ते विचारलं.

बाईंचे हात तयारच होते. मनगट, घोटा, मान. मग त्यांनी तळवे झटकले. संपली यादी.

“खुब्यात पण दुखतं,” शरण्या म्हणाली. “रात्री तुंबा दुखतं, फार. कूस बदलायला येत नाही.”

डॉक्टरांनी सवयीने मागे पाहिलं. रोज तिच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या नागरत्नाबाईंचे हात मांडीत पडले होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्याच पोरीपुढे अडाणी असल्यासारखं वाटलं.

कधीपासून, डॉक्टरांनी विचारलं, आणि अजून ते तिकडेच बघत होते.

“दसऱ्यापासून,” शरण्या म्हणाली. “माझ्याकडे बघा सर. अम्माला ठाऊक नाही ते. कळलं की ती निजत नाही.”