पाटीची मोजणी

"मले पाटी पाहाचीच हाय," खुशालराव म्हणाला आणि मैदानाच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला.

अमरावतीच्या हुतूतू सामन्यांचा तो शेवटचा दिवस. मध्यप्रांतातून त्या साली नागपूरचा संघही मोठ्या थाटात आला होता, पण पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळून घरी गेला. शेवटी अमरावतीकरांनी अकोलेकरांना हरवलं. त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. भांडण वेगळंच होतं. शेवटच्या तीन दिवसांत जो सगळ्यांत जास्त गडी मारील, त्याला यंदा शहरातल्या एका शाळेत कवायत मास्तरची नोकरी मिळणार होती. पाटी धरणाऱ्या नत्थुजींनी आकडे सांगितले: अमरावतीकडून खेळणारा वलगावचा देवीदास तेरा, अकोल्याकडून खेळणारा अकोटचा खुशालराव बारा.

"बारा कसे? काल एकाच दमात तिघांले शिवून आलो मी," खुशालराव म्हणाला. "तुमी एकच धरला. माह्ये चौदा होतात."

"पाटीवर हाय तेच सांगतलं बापा," नत्थुजी म्हणाले.

नत्थुजी माळी बावीस वर्षं ही पाटी धरत होते. कोणी किती गडी मारले याच्या रेघा ते खडूने ओढत, आणि त्यांच्या शब्दाला कोणी आव्हान देत नसे. सख्ख्या भाच्यालाही त्यांनी एकदा एका रेघेने मागे ठेवलं होतं. बहीण वर्षभर बोलली नाही, पण नत्थुजी काही बधले नाहीत.

यंदा मात्र त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. दसऱ्यापासून त्यांना माणसाची नुसती सावली दिसे. हे फक्त त्यांच्या बायकोला, मनकर्णाबाईला ठाऊक होतं.

"औंदा पाटी सोडा," ती म्हणाली होती.

"पाटी सोडली त मंग मी कोन राह्यलो?"

तिने पाटीच्या मधोमध एक दोरा ताणून बांधून दिला. बाकीचे नावाजलेले गडी पहिल्या फेऱ्यांतच बाद झाले होते आणि चढाओढ दोघांतच उरली होती. म्हणून डावी बाजू देवीदासची, उजवी खुशालरावची. चढाई करणाऱ्याचा आवाज नत्थुजी कानाने ओळखत. देवीदास 'हुतूतू' लांबवायचा, खुशालरावचा आवाज घोगरा. गडी मेला की लोक ओरडत. मग नत्थुजी आधीची रेघ अंगठ्याखाली धरून तिच्या शेजारी अंदाजाने दुसरी ओढत आणि आकडा मनात धरत.

पाटीबद्दल एक जुना रिवाज होता. शंका असेल त्याने पाटी स्वतः हातात घ्यायची, सर्वांपुढे मोठ्याने रेघा मोजायच्या, आणि तो मोजील तो आकडा दोन्ही बाजूंनी मान्य करायचा. बावीस वर्षांत कोणी पाटी मागितली नव्हती. आज खुशालरावने मागितली.

बायकांच्या बाजूला मनकर्णाबाई संत्र्यांची टोपली घेऊन बसली होती. एखादी रेघ वाकडी गेली असेल, दोऱ्यावर चढली असेल, तर सगळ्या गावासमोर म्हाताऱ्याची शोभा होणार. तिला खुशालरावचा मनस्वी राग आला.

नत्थुजींनी पाटी पुढे केली. खुशालराव समोर उभा होता, पण नत्थुजींचं तोंड जरा भलतीकडेच होतं.

खुशालरावने पाटी घेतली आणि बघतच राहिला. मग त्याने नत्थुजींकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"काय झालं? दाखवा इकडे," मंडळाचे सेक्रेटरी केशवराव पुढे सरसावले.

खुशालरावने पाटी छातीशी ओढली. "मोजनारा मी हाओ का तुमी? दूर व्हा!"

केशवराव चरफडत मागे सरकले. असा उद्धट माणूस शाळेत पोरांना काय शिकवणार, असंही कोणी पुटपुटलं.

खुशालराव बोट टेकवत मोजू लागला. "एक... दोन... तीन..." देवीदासच्या रेघा तेरा भरल्या. मग त्याने बोट दोऱ्यापलीकडे नेलं. दहा झाले, अकरा झाले, बारा झाले. तिथे तो थांबला.

"बारा," तो म्हणाला. "बाराच हायत."

"अन् कालचे तिघं?" अकोल्याच्या लोकांतून कोणी ओरडलं.

"एकालेच शिवलो होतो, बाकीचे दोघं हाताले लागले नाईत. पाटी बराबर हाय."

एकच हशा पिकला. इतका तमाशा केलास कशाला, असं त्याला तोंडावर म्हणणारेही निघाले. तिकडे देवीदासला खांद्यावर घेऊन लोक नाचू लागले. नत्थुजींनी डोक्यावरचं पागोटं नीट केलं, उगाचच दोनदा.

मनकर्णाबाई लगबगीने नवऱ्यापाशी आली. खुशालरावने गळ्यातल्या शेल्यात पाटी गुंडाळून गाठ मारली आणि तिच्या हातात दिली.

"बाई, धूळ लागन. घरी नेऊनच सोडा."

म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लावून आता धुळीची काळजी! तिने पाटी जवळजवळ हिसकावूनच घेतली आणि नवऱ्याचा हात धरून घराकडे निघाली.

घरी येईस्तोवर नत्थुजींची कळी खुलली होती. दिवस मावळायच्या आतच त्यांनी भाकरी मागितली, वर ठेचा मागितला.

"पाह्यलं? अकोटचा एवढा भांडखोर गडी, पन पाटीपुढे गप झाला. पुढच्या सालीबी पाटी मीच धरीन." त्यांनी घास थांबवला. "भरभर मोजल्या त्यानं. रेघा सरळ आल्या असतीन, नाई व?"

"पाह्यतो," म्हणत मनकर्णाबाईने शेल्याची गाठ सोडली आणि पाटी दाराच्या उजेडात धरली.

दोऱ्याच्या डाव्या बाजूला एकच जाडजूड पांढरी रेघ होती, आणि उजव्या बाजूलाही एकच.