शिंकणाऱ्या म्हशीचं पुस्तक

जिकराने पुन्हा अम्मीच्या ओढणीत तोंड खुपसलं. यासीनने पुढे केलेला खजूर तसाच त्याच्या हातात राहिला.

रत्नागिरीहून बायको आणि मुलगी बहरीनला येऊन आठवडा होत आला होता. यासीन बाब अल बहरीनच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. फॅमिली व्हिसासाठी त्याने ऑफिसांचे उंबरे झिजवले, अरादला दोन खोल्या घेतल्या, हौसेने गुलाबी पडदे लावले. आणि लेक तो घरात शिरला की पलंगाखाली! त्याने चॉकलेटं आणली. घोडा होऊन फरशीवर रांगला. घोडा बघून तर तिने भोकाडच पसरलं.

वास्तविक दोघांची गट्टी जुनी. मागच्या रजेत तो घरी गेला तेव्हा ती पाळण्यात होती; पण बोलायला लागल्यापासून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर तो तिला शिंकणाऱ्या म्हशीचं पुस्तक वाचून दाखवायचा. मोठमोठी चित्रं, खुळचट गोष्ट, मनातल्या मनात वाचताच येऊ नये अशी. म्हैस शिंकली की वाळत घातलेले लेंगे उडत, कोंबड्या कौलांवर जाऊन बसत, सरपंचांच्या मिशा गळून पडत. यासीन असा काही शिंकायचा की खोलीतले सोबती रुमाल पुढे करायचे. तिकडे जिकरा हसून लोळायची. इथे मात्र तेच पुस्तक घेऊन तो शेजारी बसला, तर ती रडत पळाली.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर बायकोने, शमाने, विषय काढलाच. "पोर अशीच धास्तावलेली राहिली, तर मी तिला घेऊन परत जाते."

यासीन कळवळून म्हणाला, "अगं, रोज माझ्याशी बोलायची ती!"

"तुमच्याशी?" शमा बोलता बोलता थबकली. "अहो, चित्रं दिसावीत म्हणून तुम्ही सदा पुस्तकच कॅमेऱ्यापुढं धरलंत. पोरीनं तुमचं तोंड बघितलंच कुठं?"

यासीन उठला. मग पुस्तक घेऊन तो खोलीच्या दारात फतकल मारून बसला. पुस्तक उघडून त्याने तोंडासमोर धरलं. सगळा जीव ओतून तो शिंकला.

"आ… आ… आक्छी!"

पलंगाखाली काहीतरी हललं. तो पुन्हा शिंकला. सरपंचांच्या मिशा गळाल्या. पलंगाखालून खुदकन हसू आलं. इवली पावलं फरशीवरून जवळ जवळ येत गेली आणि पुस्तकापाशी थांबली. यासीनने पुस्तक जराही हलू दिलं नाही.

दोन बोटांनी पुस्तक हळूच खाली ओढलं. जिकराने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, नाकाकडे पाहिलं, पुस्तकाची मागची बाजू नीट तपासली. मग ती घर दणाणेल अशी ओरडली,

"अम्मी, अब्बा गावले! म्हशीच्या मागं होते!"